साहेब मोठ्या कंपनीतून आलेत, पण तिथे करत काय होते?

प्रश्न : महावितरणमधून गेल्या वर्षी निवृत्त झालो. फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे मिळून ४२ लाख हातात आले. जावई हिंजवडीत आयटीत आहेत. हुशार आहेत, मनाने चांगले आहेत. त्यांचं म्हणणं, यातले १५ लाख एका लहान सॉफ्टवेअर कंपनीच्या शेअरमध्ये घालावेत. (कंपनीचं नाव वेगळ्या कागदावर दिलंय, छापू नये.) दोन वर्षांपूर्वी तिथे नवे सीईओ आले. त्याआधी वीस वर्षं ते अमेरिकेतल्या एका नामांकित कंपनीत होते, शेवटी व्हाइस प्रेसिडेंट. ते आल्यापासून शेअर दुप्पट झालाय. जावयांनी त्यांच्या मुलाखतीचे व्हिडिओ पाठवले. माणूस बोलतो छान. शिवाय जावयांचा एक मित्र त्या कंपनीत आहे. तो म्हणतो, मोठी ऑर्डर जवळजवळ पक्की आहे, जाहीर व्हायच्या आत घेऊन टाका. मला बाजारातलं फार कळत नाही, पण माणूस पारखता येतो असं आजवर वाटत आलंय. या माणसाची पारख कशी करायची? आणि जावयांना नाही म्हणायची वेळ आली तर कसं म्हणायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मित्राच्या ऑर्डरचं आधी बोलू, कारण तेच सगळ्यांत घाईचं आहे. ती बातमी विसरून जा. खोटी असेल तर तिच्यावर पैसे लावणं वेडेपणा, आणि खरी असेल तर गुन्हा. भावावर परिणाम करणारी, अजून जाहीर न झालेली माहिती आतल्या माणसाने बाहेर सांगणं आणि ती ऐकून बाहेरच्याने शेअर घेणं, दोन्हीला शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांनी बंदी आहे. सांगणारा मित्र, पोचवणारे जावई आणि विकत घेणारे तुम्ही, ही साखळी शोधायला फार अवघड नसते. कोण कोणाचा कोण लागतो हे अशा तपासात सगळ्यांत आधी बघतात. जावयांनाही हे स्पष्ट सांगा. पस्तिशीतल्या माणसाने पाहुण्याच्या भल्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावू नये.

दुसरं, ती कंपनी घ्या किंवा घेऊ नका असं मी सांगणार नाही. तो सल्ला सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराने तुमचा सगळा हिशेब बघून द्यायचा असतो. तुमचा प्रश्न माणसाबद्दलचा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

माणूस पारखता येतो, असं तुम्ही लिहिलंय. येतही असेल. पण तुम्ही पारखलेला वायरमन तुमच्या डोळ्यांसमोर काम करत होता. भर पावसात रात्री फीडर बंद पडला की कोण खांबाशी उभा राहतो आणि कोणाचा फोन लागत नाही, हे तुम्ही बघितलेलं होतं. या साहेबांचं तुम्ही बघितलंय काय? बोलणं. मोठ्या कंपनीत वीस वर्षं टिकून वर चढलेल्या कुठल्याही माणसाला छान बोलता येतंच. तो त्या नोकरीचा भागच असतो. व्हिडिओ बाजूला ठेवा.

आता ते 'व्हाइस प्रेसिडेंट'. आपल्याकडे उपाध्यक्ष म्हटलं की अध्यक्षांच्या खालची खुर्ची डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतल्या मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत किंवा बँकेत व्हाइस प्रेसिडेंट शेकड्यांनी असतात, काही ठिकाणी हजारांनी. त्यांच्या वर सीनियर व्हाइस प्रेसिडेंट, त्यांच्या वर एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंट. खरोखर वरच्या फळीत कोण होतं हे तपासायची एक सोपी जागा आहे. तिथल्या शेअरबाजारावर नोंदलेली प्रत्येक अमेरिकन कंपनी दरवर्षी तिथल्या नियामकाकडे टेन-के नावाचा अहवाल देते आणि तो एडगर नावाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. कंपनी कोणाला आपले मुख्य कार्यकारी अधिकारी मानते, त्यांची नावं आणि आधीची पदं त्या अहवालात किंवा त्याला जोडलेल्या कागदांत असतात. साहेबांचं नाव तिथे नसेल तर ते वाईट आहेत असं नव्हे. पण मग 'त्यांनी ती कंपनी घडवली' हे जे मुलाखतीत सूचित केलं जातं, ते तेवढ्यापुरतं खाली उतरवून घ्यायचं. त्यांच्या हातात एखादा विभाग होता की नफ्यातोट्याची जबाबदारी असलेला पूर्ण व्यवसाय होता, हा खरा प्रश्न. 'दोन अब्ज डॉलरच्या व्यवसायाचं नेतृत्व' या शब्दांत विक्री, उत्पादन, सपोर्ट, काहीही बसतं.

पदवीसुद्धा तपासून घ्यावी का? हसू नका. २०१२ च्या जानेवारीत याहूने पेपालमधून आलेल्या स्कॉट थॉम्पसन यांना सीईओ केलं. त्यांच्या माहितीत हिशेबशास्त्राबरोबर संगणकशास्त्राचीही पदवी लिहिलेली होती आणि ती कंपनीने नियामकाकडे दिलेल्या कागदांतही गेली. याहूचे शेअर बाळगणाऱ्या एका फंडाने थेट त्यांच्या महाविद्यालयात चौकशी केली. थॉम्पसन तिथून १९७९ मध्ये बाहेर पडले, तेव्हा तिथे संगणकशास्त्राची पदवी दिलीच जात नव्हती. मे महिन्यात साहेब पायउतार. संचालक मंडळ, माणसं शोधून देणारी महागडी कंपनी, वकील, सगळे होते. फोन मात्र शेअरधारकाने केला.

पण खोटी पदवी ही किरकोळ गोष्ट. ज्यात माझ्या मते सगळ्यांत जास्त पैसे बुडतात, तिथे पदवी खरी असते, कर्तृत्व खरं असतं, माणूस प्रामाणिक असतो, आणि तरीही गणित चुकतं. त्याचं रॉन जॉन्सन यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००१ पासून अ‍ॅपलची जी दुकानं सुरू झाली, ती उभी करणारा हा माणूस. काचेचं दर्शनी दालन, मोकळी लाकडी टेबलं, यंत्र हाताळून बघायची मुभा, दुरुस्तीसाठी आत वेगळा कट्टा, ही कल्पना आणि तिची अंमलबजावणी त्यांची. किरकोळ विक्रीच्या धंद्यात त्याला तोड नव्हती. २०११ च्या जूनमध्ये बातमी आली की जॉन्सन आता जेसी पेनी या जुन्या अमेरिकन दुकानसाखळीचे प्रमुख होणार. त्या एका दिवशी तिचा शेअर १७ टक्क्यांच्या आसपास उसळला. म्हणजे तुमच्या जावयांचा जो तर्क आहे, तोच वॉल स्ट्रीटचा होता : माणूस एवढा मोठा, तर कंपनी वर जाणारच.

जेसी पेनी म्हणजे मध्यमवर्गीय घरांतले कपडे, चादरी, भांडी. गिऱ्हाईक वर्तमानपत्रातलं कूपन कापून पर्समध्ये ठेवणारं. सेल लागला की जायचं, नाहीतर नाही. जॉन्सन यांना हा सगळा प्रकार खोटा वाटला. आधी किंमत फुगवायची आणि मग सूट दाखवायची, यात काय अर्थ? तत्त्व म्हणून त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी २०१२ च्या सुरुवातीला कूपनं आणि सेल बंद करून एकच रास्त भाव लावला. चार-दहा दुकानांत करून बघितलं नाही. सुमारे ११०० दुकानांत एकदम. गिऱ्हाइकाला मात्र 'वाचवले' असं वाटायचं सुख हवं होतं. ते गेलं आणि गिऱ्हाईकही गेलं. एका वर्षात विक्री १७ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर, तोटा ९८.५ कोटी डॉलर. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्यांना घालवलं. कंपनी त्यातून पुरती सावरली नाही आणि २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली.

अ‍ॅपलमध्ये जे जमलं ते इथे का जमलं नाही? तिथे दुकानात आयपॉड आणि पुढे आयफोन होता. तो दुसरीकडे स्वस्तात मिळत नव्हता, त्यामुळे भावाची घासाघीस नव्हतीच. गिऱ्हाईक आधीच दारात उभं होतं, दुकानाने त्याचं स्वागत केलं. जॉन्सन यांचं काम उत्तम होतं, पण त्या यशातला किती वाटा दुकानाचा आणि किती टेबलावरच्या वस्तूचा, हे वेगळं काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. बहुधा त्यांनी स्वतःही.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्या, कारण जावई हा मुद्दा नक्की काढतील. 'सीईओंनी स्वतःचे पैसे घातलेत, त्यांना काळजी नसेल का?' जॉन्सन यांनीही आल्याआल्या स्वतःच्या खिशातले ५ कोटी डॉलर जेसी पेनीत घातले होते. ते वाचले नाहीत. स्वतःचे पैसे घालणं म्हणजे माणसाचा स्वतःवर विश्वास आहे, एवढंच त्यातून कळतं.

तेव्हा तुमच्या साहेबांच्या बाबतीत पहिला प्रश्न हा : त्या अमेरिकन कंपनीत कामं आपोआप चालून येत होती का? तसं असेल तर इथल्या लहान कंपनीत दारोदार फिरून काम मिळवायचं आहे, आणि ते त्यांनी आयुष्यात कधी केलंय का, हे बघायला हवं. तिथे त्यांच्या मागे नाव होतं, पैसा होता, हजारो इंजिनियर होते. इथे मार्चअखेर पगार भागवायची चिंता असते.

आता 'शेअर दुप्पट झाला' याबद्दल. पुन्हा याहूकडेच जाऊ. थॉम्पसन गेल्यावर २०१२ च्या जुलैमध्ये गूगलमधून मरिसा मेयर आल्या. तेव्हा शेअर साधारण १५-१६ डॉलरला होता, २०१४ संपताना ५० च्या घरात. तिप्पट! पण याहूकडे २००५ मध्ये घेतलेला चीनच्या अलिबाबा कंपनीचा मोठा हिस्सा होता, आणि त्या काळात अलिबाबा न्यूयॉर्कच्या बाजारात येण्याच्या तयारीत होती आणि आलीही. लोक याहूचा शेअर अलिबाबासाठी घेत होते. मेयर यांनी जो व्यवसाय चालवला, तो शेवटी २०१७ मध्ये व्हेरायझनने ४.४८ अब्ज डॉलरना घेतला, आणि त्यांनी १.१ अब्जांना विकत घेतलेल्या टंबलर या ब्लॉगच्या संकेतस्थळाचं मूल्य त्याआधीच वह्यांमधून कापावं लागलं होतं. मी असं म्हणत नाही की त्या कर्तृत्ववान नाहीत. गूगलमधलं त्यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. पण तिप्पट झालेल्या शेअरवरून त्यांची पारख करणारा माणूस चुकीच्या कंपनीची पारख करत होता.

तुमच्या कंपनीसाठी हे एका संध्याकाळचं काम आहे. त्याच दोन वर्षांत तशाच आकाराच्या चार-पाच सॉफ्टवेअर कंपन्यांचे शेअर किती वाढले ते बघा. सगळेच दीडपट-दुप्पट झाले असतील तर श्रेय बाजाराचं. आणि ही एकटीच वाढली असेल, तर नफा वाढलाय की फक्त भाव, ते बघा. नफा तेवढाच आणि भाव दुप्पट, याचा अर्थ लोक अजून न घडलेल्या गोष्टीचे पैसे आधीच मोजतायत.

याच्या अगदी उलटं उदाहरण संगणकाच्या चिपमधल्या एएमडी कंपनीच्या लिसा सू यांचं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या सीईओ झाल्या तेव्हा शेअर ३ डॉलरच्या आसपास होता, आणि त्यांच्या पहिल्या वर्षात तो २ डॉलरच्याही खाली गेला. नुसता भाव बघणाऱ्याने तेव्हा त्यांना नापास केलं असतं. पण आधीची कारकीर्द बघितली तर ती सगळी चिपमधलीच : आयबीएममध्ये चिपच्या आत अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांब्याची जोडणी करण्याचं काम, मग फ्रीस्केल, मग एएमडी. २०१५ च्या मेमध्ये कंपनीने जाहीर सांगितलं, आमच्या चिपची नवी झेन रचना तेवढ्याच वेगाने चालताना आधीपेक्षा ४० टक्के जास्त काम करील. आकडा सांगितला, वेळ सांगितली, आणि गप्प बसले. २०१७ मध्ये चिप बाजारात आली तेव्हा तो आकडा ५२ टक्के निघाला. मला कोणी विचारलं की चांगला ट्रॅक रेकॉर्ड दिसतो कसा, तर मी हे दोन आकडे दाखवीन. आधी बोललेला आणि नंतर मोजलेला.

म्हणून साहेबांची जुनी कंपनी थोडी बाजूला ठेवून ते गेली दोन वर्षं इथे काय बोलले आणि काय झालं, त्याकडे या. हे सगळं उघड असतं, फक्त कंटाळवाणं असतं, म्हणून कोणी वाचत नाही. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की तिच्या सगळ्या घोषणा तारखेनुसार निघतात. दर तिमाहीच्या निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलत असेल तर त्या बोलण्याची शब्दशः प्रत तिथे द्यावी लागते. दोन वर्षांच्या आठ प्रती काढा. सगळ्यांत जुनी आधी वाचा. साहेब जिथे जिथे 'येत्या दोन तिमाहींत', 'वर्षअखेर', 'पुढच्या वर्षी' म्हणाले, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या प्रतीत त्याचं काय झालं ते शोधा.

झालं नाही तर लगेच काट मारू नका. मोठमोठ्यांचं होत नाही. इन्फोसिसचंच घ्या, जी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. २०१४ मध्ये संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ म्हणून विशाल सिक्का आले. जर्मनीच्या एसएपीमध्ये त्यांनी हाना हे गाजलेलं उत्पादन उभं केलेलं. त्यांनी २०२० साठी लक्ष्य ठेवलं : २० अब्ज डॉलरचं उत्पन्न आणि ३० टक्के नफ्याचं प्रमाण. २०१७ च्या ऑगस्टमध्ये संस्थापकांशी झालेल्या जाहीर वादानंतर ते गेले. (पनाया कंपनीच्या खरेदीवरून जे आरोप झाले, त्यांत बाहेरच्या वकिलांच्या चौकशीत गैर काही आढळलं नाही, हेही सांगायला हवं.) २०१९-२० चं उत्पन्न आलं १२.८ अब्जांच्या आसपास आणि नफ्याचं प्रमाण २१ टक्के. म्हणून ते अपयशी का? मी तसं म्हणणार नाही. ते मधेच गेले, आणि कंपनी काही खड्ड्यात गेली नाही. पण उत्पादन विकणाऱ्या कंपनीतली गणितं माणसांचे तास विकणाऱ्या कंपनीला लावून २० अब्ज आणि ३० टक्के यांवर ज्याने भाव मोजला, त्याचं गणित बिघडलं. तुमचे साहेबही 'आपण आता सेवा कंपनी राहणार नाही, प्लॅटफॉर्म होणार' असं बोलत असतील तर पेन्सिलीची खूण जरा ठसठशीत करा.

लक्ष्य चुकलं की साहेब काय करतात, ते बघणं जास्त बोलकं असतं. 'हे आम्हाला जमलं नाही, कारण हे' असं एखाद्या प्रतीत सरळ सापडलं तर माझा त्या माणसावरचा विश्वास वाढतो. ते लक्ष्य पुढच्या प्रतीतून गुपचूप गायब झालं तर कमी होतो. आणि दर तिमाहीला मोजायची पट्टीच बदलत असेल, आज उत्पन्न, उद्या 'करार केलेलं उत्पन्न', परवा 'ईसॉपचा (कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा) खर्च वगळून नफा', तर मी वाचणं थांबवते.

नफा दिसतोय पण धंद्यातून रोकड येत नाही, असं सलग दोन-तीन वर्षं चाललं असेल तर तेही तसंच. बिलं फाडली जातायत, वसुली होत नाही. वसुलीचं तुम्हाला मी काय सांगणार!

माणसं सोडून जातायत का, हेही बघा. मोठे साहेब आल्यावर दोन वर्षांत दोन मुख्य वित्त अधिकारी बदलले असतील तर कारण शोधा. २०२३ पासून अशा वरिष्ठ अधिकाऱ्याचं राजीनामापत्रच कंपनीला बाजारासमोर ठेवावं लागतं. बहुतेकांत 'वैयक्तिक कारण' असतं. एखाद्यात नसतं, आणि तेवढ्यासाठी सगळी वाचावी लागतात. ऑडिटरने मुदतीआधी काम सोडलं असेल तर पुढचं काही न वाचता बाहेर पडलात तरी चालेल. वार्षिक अहवालात साहेबांचा पगार आणि त्यांना मिळालेले शेअर बघा. ते शेअर त्यांना दर्शनी किमतीला, म्हणजे पाच-दहा रुपयांना मिळाले असतील, तर भाव निम्मा झाला तरी ते फायद्यातच. तुम्ही नसाल.

संचालक मंडळावरच्या मोठ्या नावांनी हुरळू नका. हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळावर पेंटियम चिपचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते. २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कारही मिळाला. २००९ च्या ७ जानेवारीला तिचे संस्थापक आणि अध्यक्ष रामलिंग राजूंनीच पत्र लिहून सांगितलं की वह्यांत दाखवलेल्या ५३६१ कोटींच्या शिलकीतले ५०४० कोटी अस्तित्वातच नाहीत.

एक उदाहरण मी खास तुमच्यासाठी राखून ठेवलंय. जेन्सॉल इंजिनियरिंग ही सौर ऊर्जेची कंपनी, तिचे प्रवर्तक (म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणारे) जग्गी बंधू, ब्लूस्मार्ट या विजेवरच्या टॅक्सीसेवेमुळे नावाजलेले. तरुण, तंत्रज्ञानातले, बोलण्यात तरबेज. २०२५ च्या जानेवारीत कंपनीने शेअरबाजाराला कळवलं की आपल्या नव्या विजेवरच्या गाड्यांसाठी ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. सेबीने कागद मागवले तेव्हा ते नऊ संस्थांबरोबरचे केवळ इच्छा व्यक्त करणारे करार निघाले, ज्यांत गाडीची किंमत नाही की द्यायची तारीख नाही. मग ९ एप्रिलला एनएसईचा माणूस थेट पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यावर गेला. गाड्या बनत नव्हत्या. आवारात दोन-तीन मजूर होते. त्याने विजेची बिलं मागितली. आधीच्या वर्षभरातलं सगळ्यांत मोठं बिल डिसेंबर २०२४ चं, १,५७,०३७ रुपये. ते बिल तुमच्याच महावितरणचं होतं! गाड्यांचा कारखाना आणि महिन्याला दीड लाखाचं बिल, हे कागदावर बघून तुम्ही खुर्चीत बसल्याबसल्या सांगितलं असतं की आत काही चाललेलं नाही.

१५ एप्रिलच्या सेबीच्या अंतरिम आदेशात आणखीही बरंच आहे. ६४०० गाड्यांसाठी सरकारी वित्तसंस्थांकडून कर्ज घेतलं, खरेदी झाल्या ४७०४, आणि २६२ कोटींचा हिशेब लागेना. त्यातला काही पैसा फिरून गुरुग्राममधल्या महागड्या फ्लॅटकडे गेल्याचं सेबीने म्हटलंय. पण खुणा आधीच उघड होत्या. मार्चमध्ये दोन पतमापन संस्थांनी कंपनीची पत एकदम खाली आणली होती, वित्त अधिकाऱ्याने राजीनामा दिला होता, प्रवर्तकांचा हिस्सा काही वर्षांत ७० टक्क्यांवरून ३५ वर उतरला होता. हे सगळं ज्या कागदांत दिसतं, तेच मी तुम्हाला वाचायला सांगतेय. दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांचा हिस्सा किती आणि त्यातला गहाण किती, हे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. ते आठ तिमाहींचे एका कागदावर उतरवून काढा.

तुम्हाला बाजारातलं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बिल, भार, थकबाकी, वसुली यांत तुमची हयात गेली. एवढ्यावर या कागदांतलं निम्मं कळतं.

पैशाचं थोडक्यात. ४२ लाखांतले १५ लाख म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, तेही एका लहान कंपनीत, आणि पुन्हा पगार सुरू होणार नाही अशा वयात. साहेब लिसा सू असत्या तरी मी एवढ्याला हो म्हटलं नसतं. महिन्याचा खर्च भागेल एवढी सोय आधी करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. निवृत्तीनंतरच्या दवाखान्याचा एक गठ्ठा वेगळा काढा. मग जी रक्कम पूर्ण गेली तरी घरात कोणाला काही जाणवणार नाही, तेवढ्यावर हवा तो प्रयोग करा. तुमच्या आकड्यांवरून ती रक्कम लाखाच्या आसपास असावी असं मला वाटतं, पण ते तुम्ही आणि घरच्यांनी ठरवायचं.

आणि जावई. त्यांना 'नाही' म्हणूच नका. 'जावईबापू, मी आठ तिमाहींचे कागद छापून घेतलेत, रविवारी जेवायला या, मग बसून वाचू' असं म्हणा. त्यांनी तुमचं भलं बघूनच सुचवलंय, आणि ते आयटीतले आहेत, त्यामुळे त्या बोलण्यातले तांत्रिक शब्द तुम्हाला त्यांच्याकडून समजून घेता येतील. वसुली आणि रोकड तुम्ही त्यांना समजावून सांगा. त्यांनी आधीच तो शेअर घेतलाय का, हेही सहज विचारा. घेतला असेल तर ते बोलतायत त्यात थोडी स्वतःचीच समजूत काढणंही असेल. त्यात काही वावगं नाही, पण तुम्हाला ते माहीत असलेलं बरं. कागद वाचूनही ते ठाम असतील तर सांगा की मी अजून दोन निकाल बघतो. चांगली कंपनी सहा महिन्यांत पळून जात नाही. भाव थोडा वर गेला तर जाऊ दे.

या सहा महिन्यांत एक करता येईल. डीमॅट खातं असेल तर एक शेअर घ्या. फक्त एक. तेवढ्यावर वार्षिक अहवाल तुमच्या हक्काचा होतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला बसता येतं. आता बऱ्याच कंपन्यांची सभा व्हिडिओवर होते, सांगलीतून उठून जायलाही नको. सभेच्या सूचनेत बोलू इच्छिणाऱ्या भागधारकांनी आधी नाव कुठे नोंदवायचं, ईमेल कोणता आणि शेवटची तारीख कोणती हे दिलेलं असतं. ती तारीख सभेच्या काही दिवस आधीच संपते, तेवढी चुकवू नका. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. अभिनंदन वगैरे करायला बाकीचे भागधारक असतातच. तुम्ही पेन्सिलीने केलेल्या खुणांपैकी सगळ्यांत जुनी खूण घ्या, तारखेसकट वाचून दाखवा, आणि साहेबांना विचारा की त्याचं पुढे काय झालं.